यांची प्रार्थना अजून झाली नाही

आई, काल संध्याकाळी धायरीच्या घरात प्रार्थना आटोपल्यावर माझ्या मुलीने विचारलं, "आपण रोज मध्येच गप्प का बसतो?" मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर तुझ्यापाशी आहे, म्हणून तुला लिहायला बसले. तुला जाऊन बारा वर्षं झाली.

बिबवेवाडीतलं आपलं दोन खोल्यांचं घर. आठ वाजले की टीव्ही बंद, आणि आपण तिघं टेबलाभोवती. आधी पप्पा, मग तू, मग मी, शेवटी तिघांनी मिळून प्रभूची प्रार्थना. पप्पांची प्रार्थना म्हणजे भाषणच. चर्चच्या मंडळीतले आजारी, कारखान्यातले सोबती, पंतप्रधान, पाऊसपाणी, कुणी सुटायचं नाही. तिकडे भात निवून जायचा. तू एक डोळा उघडून घड्याळाकडे बघतेस आणि मी तुझ्याकडे बघून हसू दाबते आहे, हे अजून दिसतं. मग मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि त्याच वर्षी पप्पांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही.

इस्पितळातून त्यांना घरी आणलं त्या संध्याकाळी मला वाटलं, आता सुरुवात तू करशील. तू डोळे मिटून नुसती बसून राहिलीस. पप्पांनी मान खाली घातली. पूर्वी जेवढा वेळ घ्यायचे, जवळजवळ तेवढाच वेळ घर गप्प होतं. मग त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने टेबलावर टकटक केलं. तू "आमेन" म्हणालीस आणि तुझी प्रार्थना सुरू केलीस. तीत एक वाक्य नवीन होतं. "प्रभू, यांना यांचे शब्द परत दे." पुढे नऊ वर्षं ते वाक्य एकदाही चुकलं नाही.

तू नर्स होतीस. असे कितीतरी पेशंट तुझ्या हाताखालून गेले होते. दोन-तीन वर्षं उलटली की काय परत येतं आणि काय येत नाही, हे तुला डॉक्टरांइतकंच ठाऊक होतं. व्यायाम, गोळ्या, बोलण्याचा सराव, कशातच तू कसूर केली नाहीस. देवावर सोपवून हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली तू नव्हतीसच. मंडळीतले एक गृहस्थ भेटायला आले होते, आठवतं? खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, या घरात कुणाचातरी विश्वास कमी पडतोय." तू चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवलास आणि म्हणालीस, "असेल. आपल्याकडे जास्तीचा दिसतोय, थोडा ठेवून जा." त्यानंतर ते उगवले थेट नाताळात.

सातव्या वर्षी मी ती चूक केली. सव्वाआठला अमेरिकेतल्या क्लायंटचा फोन यायचा होता. पप्पांची प्रार्थना चालू होती, म्हणजे आपण गप्प बसलो होतो. घड्याळाकडे बघून बघून मी कंटाळले आणि "आमेन" म्हणून माझी प्रार्थना सुरू केली. तुझा हात माझ्या मनगटावर आला. "थांब. यांची प्रार्थना अजून झाली नाही." मोबाइल वाजला, वाजवाजून बंद झाला. टेबलावर बोट वाजेपर्यंत तू माझं मनगट सोडलं नाहीस.

नंतर तू ओट्यापाशी ताटं वाढत होतीस तेव्हा मी तोंड सोडलं. "सात वर्षं तेच मागतेस. आमच्याकडे एखादा प्रोग्रॅम इतक्यांदा चालवून काही हाती आलं नाही, तर बंद करतात. देव ऐकत नाहीये, आई. बंद कर आता हे."

तू आमटी ढवळत राहिलीस. "हे बरे व्हावेत असं मला रोज वाटतं. ते त्याला नाही सांगायचं तर कुणाला सांगू? खालच्या मजल्यावरच्या काकूंना?" मग पळी खाली ठेवलीस. "आणि काय गं, मी यांच्याशी दिवसभर बोलते. सात वर्षांत यांनी मला एक शब्द परत दिलेला नाही. म्हणून हे ऐकत नाहीत, असं म्हणू?"

पप्पा चार पावलांवर टेबलाशी बसलेले होते. माझं "बंद कर" त्यांनी ऐकलं होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू ताट माझ्या हातात दिलंस. "जा, भरव त्यांना." त्या दिवशी त्यांनी एरवीपेक्षा सावकाश जेवून घेतलं.

शब्द काही परत आले नाहीत. पप्पा गेले ते न बोलताच. पण त्या नऊ वर्षांत आपल्या घरात ते एका कोपऱ्यातले आजारी माणूस झाले नाहीत. रोज पहिली प्रार्थना त्यांचीच होती आणि तिच्यासाठी सगळं घर थांबत होतं. हे मला फार उशिरा कळलं. त्यांना माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीने गप्प बसले, तर तू म्हणालीस, "आता थांबायला नको. आता ते प्रभूशी समोरासमोर बोलत असतील, त्याला उसंत देत नसतील." आणि रडता रडता हसलीस. मला तेव्हा तुझा हेवा वाटला, आजही वाटतो. इतकी वर्षं मागितलेलं मिळालं नाही, तरी तू त्याच्याशी अबोला धरला नाहीस.

हे कागद तुझ्या गीतांच्या पुस्तकात ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? तुझ्या नियमाने तुझ्यासाठीही थांबायला नको. तरी मी थांबते, तुझ्या प्रार्थनेला लागायचा तेवढा वेळ. मुलीला हे सांगितलेलं नाही, तुला सांगते. त्या वेळात मी देवाशी बोलत नसते, तेवढं अजून जमत नाही. तुझ्याशी बोलते. "बंद कर" म्हणाले त्याची माफी मागते. तू होतीस तेव्हा मागायची राहिली, आता रोज तीच मागते. तू काही बोलत नाहीस. टेबलावर बोटही वाजत नाही, त्यामुळे पुरे कधी म्हणायचं ते कळत नाही. काल मुलगी कंटाळून "आमेन" म्हणून मोकळी झाली, आणि मी तिचं मनगट धरलं. "थांब," म्हटलं, "आजीची प्रार्थना अजून झाली नाही."