हॉर्सपॉवरच्या कागदावरचं नाव

कोथरूड, पुणे
२० मार्च २०१४

ती. स्व. दादास,

उल्काचा नमस्कार. (साष्टांग घालायला गुडघे तयार नाहीत; घातला असं समज.) तुझी शुगर आटोक्यात आहे असं वहिनी म्हणाल्या, पण त्या तुझ्यासमोर बसून बोलत होत्या, त्यामुळे निम्मंच खरं धरलं. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस.

सहा वर्षांपूर्वी ‘भंगारात घालण्यापेक्षा तू ने’ म्हणून दिलेली तुझी आठशे सीसीची गाडी गेल्या रविवारी अकरा गाड्यांत पहिली आली. पळण्यात नाही, ताकद राखण्यात. हडपसरला अय्युबभाईंचं गॅरेज आहे, तिथे त्यांनी डायनो बसवलाय. गाडीची पुढची चाकं रोलरवर चढवतात, गाडी पट्ट्यांनी जखडतात आणि जागच्या जागी पळवतात. चाकांपर्यंत किती हॉर्सपॉवर पोचते ते यंत्र कागदावर छापून देतं. आमच्या गाडीवेड्यांच्या ग्रुपात हे कागद एकमेकांना दाखवायची फार हौस. (लोक नातवंडांचे फोटो इतके दाखवत नाहीत.) त्यात आघाडीवर संपतराव, निवृत्त इंजिनियर. परगावच्या कुठल्या यंत्रावरचा एकशेएकतीसचा कागद ते वर्षभर सगळ्यांना दाखवत होते. माझी गाडी पाहून त्यांनी विचारलं, “बाई, भाजी घेऊन परत जाताना वाट चुकलात का?” मी म्हटलं, भाजी झाली, आता तुमचा कागद बघायला आले.

आधी त्यांची गाडी चढली. आकडा आला अठ्ठ्याण्णव. संपतराव म्हणाले, आज हवा गरम आहे. अय्युबभाई शांतपणे म्हणाले, “काका, हवा सगळ्यांना सारखीच गरम आहे.”

मग माझी पाळी. पट्टे मी स्वतः ओढून पाहिले. शाळेत मी याच गाडीने जाते. इंजिन तिथेच बसलं असतं तर सोमवारपासून बसच्या रांगेत. पण दादा, सहा वर्षं तिचं ऑइल मी स्वतः बदललंय, एअर फिल्टर मी झटकलाय, प्लग मी घासलेत. (यांना वाटायचं मी गच्चीवर वाळवण घालते, तेव्हा मी पार्किंगमध्ये गाडीखाली असायचे.) गाडी ओरडली, थरथरली, पण थांबली नाही. आकडा बत्तीस पूर्णांक चार. दोघं-तिघं हसले.

तेव्हा मी भिंतीवरचा फळा पुसला आणि खडू घेतला. पंचवीस वर्षं सातवीला शेकडेवारी शिकवतेय. ती अशा वेळी नाही वापरायची तर कधी? कंपनी इंजिनाची ताकद सांगते, त्यातली चाकांपर्यंत किती टक्के उरली ते मांडा, म्हटलं, नाहीतर बैल आणि बोकड एकाच काट्यावर तोलल्यासारखं होतं. संपतराव : एकशेपंधरातले अठ्ठ्याण्णव, पंच्याऐंशी टक्के. मी : सदतीसातले बत्तीस पूर्णांक चार, साडेसत्त्याऐंशी. बाकीचे ऐंशीच्या आसपास. संपतरावांनी गणित दोनदा तपासलं. मग टोपी काढली आणि म्हणाले, “गाडी फार प्रेमाने सांभाळलीय.”

वहिनींना नमस्कार.

तुझी,
उल्का

ता. क. ‘प्रेमाने सांभाळलीय’ हे संपतराव मला नाही, कागदावरच्या नावाला उद्देशून म्हणाले. अय्युबभाईंच्या माणसाने आरसी बुकावरचं तुझं नाव कागदावर उतरवलं होतं : ‘श्री. संभाजी काळभोर, प्रथम क्रमांक.’ मी हातातला खडू खाली ठेवेपर्यंत टाळ्या वाजूनसुद्धा झाल्या. सगळ्यांनी आपापले कागद ग्रुपवर टाकले. माझा चार दिवस कपाटात आहे. सोबत गाडी माझ्या नावावर करायचा फॉर्म पाठवते. पेन्सिलने फुल्या मारल्यात तिथे सही कर. ‘बघू सावकाश’ हे सहा वर्षं ऐकलं.

ता. क. २. येत्या रविवारी संभाजीरावांना बोलवा, गाडी कशी राखली ते सांगतील, असा मंडळींचा आग्रह आहे. सही आधी पोचली तर मीच जाईन. आणि तुला यायचंच असेल, तर बॉनेट उघडायचा खटका कुठे असतो तेवढं आधी मला फोनवर विचारून ठेव.