पत्र्याच्या खोलीतले डोहाळे

३ फेब्रुवारी २०१९
मक्याचे वडे फसले! तेलात सोडले की फुटायलेत. मंजूच्या व्हिडिओत कसे गोल, सोनेरी. माझा नुसता चुरा.

मंजूला, माझ्या पोरीला, सातवा लागला. डोहाळे तरी कसले — बँकॉकच्या गाड्यांवरचे! धपाटे न्हाई, पुरणपोळी न्हाई. म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरी. लातूरला ये, तुझं तिकडचं सगळं शिकून करून घालते. तर म्हणते, "अप्पांनी स्वतः बोलावलं तरच." तिकडच्या पोराशी लग्न करून बँकॉकलाच राहिली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ह्यांनी तिचं नाव घेतलं न्हाई. दिवस गेलेत, हेही ह्यांना ठाऊक न्हाई. सांगायची माझी छाती होत न्हाई. आणि पुढं दिवस भरत आले की विमानात घेत न्हाईत म्हणे!

५ फेब्रुवारी
तांदळाचं पीठ वाढवलं — जमले! वाटणात गवती चहाचा दांडा, लिंबाची कोवळी पानं, लाल मिरच्या, लसूण. वरच्या खोल्यांत क्लासच्या पोरी भाड्यानं राहतात, त्यांनी ताट चाटून पुसून दिलं.

ह्यांना सांगितलंय, पोरींसाठी चायनीज करायलेय. "तो वास घरात नको," म्हणाले. घरात लिंगपूजा. म्हणून सगळा पसारा अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत. भूकंपात घराला भेगा गेल्या तेव्हा ह्यांनीच घाईघाईनं बांधली — अर्धी वीट अन् वर पत्रे. मंजू इथंच झाली, भूकंपानंतर नवव्या दिवशी. हे दारात बसून होते, पाणी प्यायलासुद्धा उठले न्हाईत.

८ फेब्रुवारी
पनीरचे तुकडे काड्यांत ओवून भाजले. सोबत नारळाच्या दुधातली दाण्याची चटणी. पोरी म्हणतात, "काकू, ही आपलीच शेंगदाण्याची चटणी, पातळ झालेली!" खरंच की. एवढ्या लांब जाऊन वेगळं काय खाते ही!

१० फेब्रुवारी
हसावं का रडावं कळेना.

मंजूचा सगळ्यात लाडका म्हणजे पानाचा घास. पानात भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, आलं, कांदा, सालासकट लिंबाचे बारके तुकडे, हिरवी मिरची, वर गुळाचा घट्ट पाक. तिकडं सुकट घालतात, ती तिनंच वगळायला सांगितली. तसलं पान लातुरात कुठलं! ह्यांची विड्याची पानं घेतली. तीस वर्षं जेवणानंतर ह्यांना विडा करून देणारा हात — चुना लावून मोकळा! वीसच्या वीस पानांना! वर लवंगही टोचली. कळलं तेव्हा सगळे विडे ताटात रांगेनं बसलेले.

चुन्यानं पोरींची तोंडं भाजतील म्हणून ताट घरात आणून ठेवलं. हे जेवून उठले अन् एक उचलून तोंडात. चावले. थांबले.

"विड्यात मिरची?"

खोटं सुचलंच न्हाई. म्हटलं, "मंजूचे डोहाळे हायत. सातवा चालू हाय तिला."

थुंकले न्हाईत. गिळलं, चपला घातल्या अन् गेले बाहेर.

मेला हा हात माझा! बोटभर चुन्यानं सगळं घालवलं.

११ फेब्रुवारी
बोलले न्हाईत. जेवले. विडा मागितला न्हाई.

१२ फेब्रुवारी
तेच. मूग गिळून बसलाय माणूस! मंजूचा फोन आला. "अप्पांना कधी सांगतेस?" म्हटलं, सांगितलं. "मग?" मग काय, कप्पाळ! फोन ठेवून मोरीत जाऊन रडले. लिहायला कशाची लाज.

१३ फेब्रुवारी
सकाळी उठले तर शेगडी, कढई, डबे — सगळं अंगणात मांडलेलं. पत्र्याची खोली रिकामी. आत हे, बनियनवर, भिंतींना चुना मारायलेत!

"अहो, माझं तळण?"

"घरात कर," म्हणाले. "फोन केला म्या तिला. ही बाळंतिणीची खोली हाय."