भरून दिलेली, भरून परत आलेली बाटली

माय, देवापुढं दिवा लावून बसले आहे. आजकाल बसलं की लवकर उठवत नाही. किराण्याच्या वहीचं मागचं पान कोरं दिसलं, म्हणून तुला लिहिते.

माझी मॅट्रिकची परीक्षा आठवते का तुला? अंबडच्या शाळेत बसायचा नंबर लागला होता. मी माठापाशी उभी राहून दुसरा गिलास तोंडाला लावते, तू चुलीपुढून उठतेस आणि तो हातातून ओढून घेतेस. "बास कर. तिथं बसशील कुठं, समद्यांपुढं?" मग माझ्या दप्तरात एक कांदा टाकतेस, ऊन लागू नये म्हणून. भूमितीच्या पेपरला डोळ्यांपुढं अंधारी आली, जीभ टाळूला चिकटली. पास झाले, पण तुझा राग कितीतरी वर्षं धरला. शाळेत पोरींसाठी साधा आडोसा नव्हता, हे ठाऊक असूनही.

परवा चौथीतली नात बाराच्या उन्हातून शाळेतून आली आणि दारातच आडवी झाली. ओठ पांढरे पडलेले. दप्तर उघडलं, तर सकाळी मी भरून दिलेली बाटली तशीच, बुचापर्यंत. तिच्याखाली मीच टाकलेला कांदा.

"पाणी का न्हाई पिलीस गं?"

"आजी, तिथं बाथरूमला कडी न्हाई. पोरी दार ढकलून हसत्यात. आन् तूच म्हणतीस ना, बाहेर जाताना घोटभरच प्यावं?"

म्हणते मी, माय. लग्नाला निघताना, एसटीत बसायच्या आधी, सुनेला आणि तिलाही. अगदी तुझ्याच आवाजात.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी लघवीला जळजळ होते का विचारलं, तर पोर खाली बघून हो म्हणाली. कधीपासून, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, "तहान लागायची वाट बघू नका, थोड्या थोड्या वेळानं पाजत राहा. लघवी गडद पिवळी दिसली की समजा, पाणी कमी पडलं." दप्तरातल्या कांद्याचं सांगितलं, तर म्हणाल्या, "आजी, त्या कांद्याची भाजी करा." सून तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं, पण पुरतं आलं नाही.

आज हार्डवेअरच्या दुकानातून कडी घेतली, भाव न करता, आणि सुताराला घेऊन शाळेत गेले. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आजी, अर्ज दिलाय आम्ही वर." म्हटलं, "त्याचं उत्तर यील तवा यील, तोवर ही बसवू द्या." मधल्या सुट्टीत नात आत गेली. आतून कडी सरकल्याचा आवाज मी बाहेर उभी राहून ऐकला. मग कडुलिंबाखाली तिनं अर्धी बाटली गटागटा संपवली आणि उरलेली माझ्यापुढं धरली.

"आजी, तू पी ना."

"घरी जाऊन पिते."

तुझ्यावर राग नाही आता. कडी बसवायला तुझ्यापुढं दारच नव्हतं. हे पान वहीतच राहील, कुठं पाठवणार? पण तुला म्हणून सांगते. शाळेत जायचं होतं, म्हणून सकाळपासून मी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. घरी आल्यावरच माठाकडं गेले.