टाकी कुठं आहे, अण्णा?

अण्णा, तुमच्या टाचेचा आवाज अजून कानात आहे. परसात, कडुलिंबाच्या अलीकडं, तुम्ही वहाणेची टाच जमिनीवर आपटत चालला होतात. ठक, ठक, ठक, आणि मग एका जागी ढब्ब, रिकाम्या रांजणावर थाप मारावी तसा. "इथं," तुम्ही म्हणालात. "ह्याच्याखाली सेप्टिक टँकचं झाकण. डोक्यात ठेव. मी काय जन्मभर पुरणार नाय." मी सातवीत होतो. मी मान हलवली होती. आज सत्तरी ओलांडून त्याच परसात काठी आपटत फिरतोय आणि सगळीकडं एकच आवाज येतो, कारण तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच वर्षी मी सगळ्या परसाला शहाबादी फरशी घातली. झाकणासकट. तुम्ही असताना दर दोन-तीन वर्षांनी उपसा व्हायचा. तुमच्यामागं मी तो विसरून गेलो. पाणी जात होतं तोवर जात होतं.

आता जात नाही. संडासात पाणी वर येतं, फरशीच्या सांध्यांतून ओल फुटते आणि शेजारच्या बोअरच्या पाण्याला वास मारतो. मुकुंदवाडी आता भर शहरात आली, पण ड्रेनेजची लाईन आपल्या गल्लीत अजून आलेली नाही, म्हणून नवी टाकी बांधायची परवानगी मागायला मी वॉर्ड ऑफिसात गेलो. खिडकीतला मुलगा चांगला होता. "काका, जुनी टाकी नकाशात दाखवल्याबिगर नवीन मंजूर होत नाय." मी म्हटलं, ती जमिनीखाली आहे. "ते आम्हालाबी माहितीय. पण जमिनीखाली कुठं?" म्हटलं, खोदून बघतो. "खोदायलाच तर परवानगी लागते ना, काका!" दोघंही हसलो. मग त्यानं कागदावर दोन खुणा करून दिल्या: जुन्या टाकीचं शेजारच्या बोअरपासूनचं अंतर, आणि शेजाऱ्यांची ना-हरकत. इंजिनिअर आज चार वाजता जागा बघायला येतोय. त्याला फरशीवर बोट ठेवून दाखवता आलं नाही तर फाईल परत, आणि तोवर शेजारच्यांनी ते पाणी वापरायचं.

तुमची वही सापडली, अण्णा. ट्रंकेत, आईच्या इरकली लुगड्याखाली. एका पानावर आपलं घर आहे, चौकोनात चौकोन, कोपऱ्यात झाडाचा गोल. हा लिंब, ही चूल, हे मी ओळखतो. आणि खाली पाच ओळी तुमच्या अक्षरात, उर्दूत. आकडेसुद्धा उर्दूत. तुम्ही निजामाच्या अमलात शिकलात, बांधकाम खात्यातली सगळी पैमाइश, सगळी मोजमापं, त्याच लिपीत लिहिलीत. पोलीस ॲक्शन झाली, आमच्या वाट्याला मराठी शाळा आली, आणि मी कवितांच्या मागं लागलो. माझ्या प्रगतिपुस्तकावरची तुमची उजवीकडून डावीकडं जाणारी सही बघून वर्ग हसला, म्हणून मी घरी येऊन रडलो होतो. पुढच्या सहामाहीला खाली मराठीत सही होती, पहिलीतल्या पोरानं गिरवल्यासारखी. नंतर एकदा पाटी घेऊन बसलात, "ये, अलिफ-बे तरी शीक, दहा दिवसांचं काम." मी म्हटलं, मला काय करायचंय. तुम्ही पाटी पुसलीत आणि म्हणालात, "ज्या हातानं हे घर बांधलं, त्या हाताचं अक्षर तुला वाचता येणार नाय. बघ बुवा." रागावून नव्हे. म्हणूनच ते अजून मनातून जात नाही.

या शहरात उर्दू वाचणारे कमी नाहीत, एवढं मला कळतं. भिंतीपलीकडंच आपा राहतात, तुमच्या दोस्ताची ती धाकटी लेक. जन्मभर उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. बोअर त्यांचंच, ना-हरकत त्यांचीच. पण दिवाळीत त्या भिंतीवरून सांगत होत्या, "भाई, पाण्याला वास मारतोय, जरा बघा," तेव्हा मी म्हणालो, "तुमच्याच घरातला असंल." कसं तोंडातून गेलं ठाऊक नाही. त्या दिवसापासून मी त्या बाजूला कपडेसुद्धा वाळत घालत नाही. तुमची सून सकाळपासून तीनदा म्हणाली, "जाऊन वाचून घ्या की. कविता म्हणायला तोंड असतं, माफी मागायला नसतं का?" तीनदा चपला घातल्या. तीनदा फाटकापासून परत आलो. आता साडेतीन वाजलेत, तर वही मांडीवर घेऊन तुम्हाला लिहीत बसलोय. तुम्हीच सांगा, कुठं आहे?

फाटकाची कडी वाजली. इंजिनिअर लवकर आला म्हणून मी कागद उशीखाली सारून उठलो, तर दारात आपा. नाकावर चष्मा, हातात ओढणीचं टोक. "भाभींनी भिंतीवरून सांगितलं. क्या भाई, दारातच उभं ठेवणार? वही आणा." मी काहीतरी म्हणायला लागलो. त्या म्हणाल्या, "ते नंतर. पहले पानी का बोलो." उभ्याउभ्याच पान उजेडाकडं धरलं. "माशाल्ला, काय अक्षर आहे चाचांचं." मग बोट फिरवत वाचलं: चुलीच्या खोलीच्या उंबऱ्यापासून नऊ कदम, लिंबाकडं तोंड करून, मग डावीकडं दोन. झाकण दगडी. तीन ओळी झाल्या. चौथीत खोली होती. पाचवीपाशी त्या थांबल्या, माझ्याकडं बघितलं, आणि हसू दाबत वाचली, "लड़के को दिखाया. ध्यान कहीं और था, इसलिए लिख दिया."

आपा आता परसात कदम मोजतायत, तुमची सून मागं खडू घेऊन आहे, आणि मी आत येऊन ह्या दोन ओळी पुऱ्या करतोय. तुम्हाला माहीत होतं तर, अण्णा. त्या दिवशी मी मनातल्या मनात शाळेच्या संमेलनात म्हणायची कविता घोकत होतो. ती सगळीच्या सगळी मला अजून पाठ आहे.