मुंग्या येतायत, अण्णा

प्रिय अण्णा,

तुला काही कळवायचं नाही असंच ठरवलं होतं. जिवंतपणी तरी तू माझं कुठे ऐकायचास? पण आज सकाळी वहिनी तुझ्या लेकीला, लक्ष्मीला घेऊन निघाली. कुठे, तर मोहोळच्या पलीकडच्या त्याच डाग देणाऱ्याकडे, ज्यानं तुझ्या मनगटावर तापलेली सळई टेकवली.

खिडकीच्या काचेनं लक्ष्मीचं मनगट कापलं. तुझ्यासारखीच बोटांना जाणीव देणारी नस तुटली, तशीच शिवली, आणि आता तशाच मुंग्या येतात. तुला आल्या तेव्हा तू म्हणालास, "नस सडाय लागलीय, जाळून टाकतो." चटका चिघळला, विष अंगभर गेलं. त्या माणसाचा धंदा मात्र ठणठणीत आहे.

तुझा डॉक्टर "वेळ लागेल" म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. लक्ष्मीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. नसेतला धागा तुटल्या जागेच्या पुढे मरतो, पण त्याची नळी उरते. नळीतल्या पेशी मेलेला कचरा खातात, रांगेनं उभ्या राहतात आणि प्रथिनं सोडून नव्या धाग्याला बोलावतात. हा धागा मानेच्या मणक्यांजवळच्या ज्या पेशीतून निघतो, तिला खबर लागते. ती नवी प्रथिनं घडवून धाग्यातूनच टोकाकडे धाडते. टोक चाचपत, चिकटत पुढे सरकतं, दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर. त्या कोवळ्या टोकावर टिचकी मारली की मुंग्या येतात. नस सडत नव्हती रे, परत येत होती.

आणि तू विणकर! उभ्या धाग्यांचा, म्हणजे ताण्याचा, नवा बीम चढवताना जुन्या ताण्याची टोकं मागात तशीच ठेवायची, नवे धागे त्यांनाच गाठून ओढून घ्यायचे, हे मला तूच शिकवलंस. ती टोकं उपटणाऱ्याला तू कारखान्याबाहेर काढलं असतंस. स्वतःच्या हातातली मात्र जाळून घेतलीस.

वहिनी म्हणते, "त्यांना न्यायला उशीर झाला व्हता, भावजी. हिला येळेत नेते की." म्हणजे तुझं मरणही त्याच्या जाहिरातीला कामी आलं.

मी उंबऱ्यात बसलो. म्हटलं, "मला ओलांडून जावा."

लक्ष्मी म्हणाली, "काका, तुमाला ओलांडायला शिडी लागंल की."

वहिनी रडली, पण रिक्षा रिकामी परत गेली.

मुंग्या जिथवर पोचतात तिथे डॉक्टरीणबाई पेनानं रेघ मारतात. आज ती अंगठ्याच्या मुळाशी आहे. बोटांच्या टोकाला लागेपर्यंत मी हा उंबरा सोडत नाही. आणि तोवर, अण्णा, तुझ्या फोटोला माझ्या हातून हार नाही.

ज्याचं तू कधी ऐकलं नाहीस तो,
तुझा धाकटा