पडलेल्या हेल्मेटाला कोरडं काम

आई, परवा तुझी आठवण झाली ती हेल्मेटावरून. तुझ्या वेळी आपल्या बोनकोडे गावात सायकलचंसुद्धा कौतुक, म्हणून सांगतो, हेल्मेट म्हणजे स्कूटरवर बसताना डोकं फुटू नये म्हणून घालतात ती टणक टोपी. तुझी नात रोज स्कूटरने खारघरला नोकरीला जाते. घामाने हेल्मेटाला आतून कुबट वास यायला लागला, तेव्हा मी ते दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीत उन्हाला ठेवलं. सगळ्याला ऊन दाखवायची सवय तुझीच ना. कबुतर आलं, मी हाकलायला हात उडवला आणि हेल्मेट थेट खाली पार्किंगच्या लादीवर.

उतरून पाहिलं तर एक ओरखडा, बाकी काही नाही. मग तुझ्यासारखं बोटाच्या पेराने वाजवून बघितलं. बाजारात मडक्यांच्या ढिगापुढे उकिडवी बसलेली तू मला अजून दिसतेस. मी नक्षीचं मडकं उचलतो, तू ते काढून घेतेस, दुसरंच वाजवतेस आणि म्हणतेस, तुजी अक्कल डोल्यान हाय, ती जरा कानान आन. हेल्मेटाचा आवाज चांगला आला, कुठे बद्द नाही. लेकीला म्हटलं, काही झालेलं नाही, घाल खुशाल.

ती कसली ऐकते. मला घेऊनच दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, रिकामं हातातून निसटलं असतं तर नीट तपासून चाललंही असतं, पण एवढ्या उंचावरून पडलेलं डोक्यात नको. मार झेलतो तो आतला थर्माकोलसारखा थर. एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, आणि वरून वाजवून ते कळत नाही. मी हुज्जत घालायच्या बेतात होतो, तेवढ्यात तुझी चुंबळ आठवली. ताईच्या हातून रिकामं मडकं ओट्यावरून घरंगळलं होतं. फुटलं नाही, आवाजही बरा. तरी तू त्यात मीठ भरून ठेवलंस आणि ताईच्या डोक्यावर चुंबळ नीट बसवून दुसरं मडकं देत म्हणालीस, "पडलेला मडका डोक्यावं नाय घेवाचा. त्याला कोरडा काम देवाचा." वाजवायचं तेवढं माझ्या लक्षात राहिलं, हे मात्र पार विसरलो होतो.

नवं हेल्मेट घेतलं. जुन्याचा पट्टा कापून टाकला, कुणी चुकून घालायला नको. आता ते स्वयंपाकघरात लसूण ठेवायला आहे. आज सकाळी लेक नवं घालून दारात उभी राहिली आणि माझं बोट गेलंच त्याच्यावर. आतून आवाज आला, "बाबा, आत मी आहे."

हे पत्र कुठे टाकणार, लसणातच ठेवीन. एक तेवढं तुला सांगतो. तिचा तो आवाज ऐकून इतकं बरं वाटलं, की मी परत एकदा वाजवलं.