‘कै.’ हे नाव नसल्याचा दाखला मिळणेबाबत

दिनांक : २३ नोव्हेंबर २००९

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, नाशिक.

अर्जदार : भिकन दगा खैरनार, वय ६६, सेवानिवृत्त वाहक (एस. टी.), रा. जेल रोड, नाशिक रोड.

विषय : (अ) ‘कै.’ हे कोणाचेही नाव नसल्याचा दाखला १५ डिसेंबरपूर्वी मिळणेबाबत.
(ब) इंटरनेटवरील मोठ्या परदेशी कंपन्यांना सरकारने नियम लावणेबाबत.

संदर्भ : लोकशाही दिनात दिलेला माझा अर्ज व त्यावरील ‘सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा’ असे आपल्या कार्यालयाचे उत्तर.

महोदय,

संदर्भातील उत्तर मिळाले, आभारी आहे. सक्षम प्राधिकारी कोण हे त्यात लिहिलेले नाही. मी ओळखीच्या सरकारी माणसांना विचारले. प्रत्येकाने स्वतःपेक्षा वरच्याचे नाव सांगितले व जिल्ह्यात आपल्या वर कोणी नाही, म्हणून पुन्हा आपल्याकडेच आलो आहे. हकीकत अशी :

१. माझी पत्नी चंद्रभागा गेल्या वर्षी भाद्रपदात आजाराने वारली. आमची मुलगी मोहिनी नवऱ्याच्या नोकरीमुळे मस्कतला असते. फोन महाग पडतो म्हणून चंद्रभागा आमच्या कॉलनीतील हर्षाली यांच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन मुलीला पत्रे लिहीत असे. त्यासाठी तिने एका परदेशी कंपनीकडे खाते उघडले होते. तिथे फोटो लावता येतात, पत्रे लिहिता येतात आणि ओळखीची माणसे गोळा करता येतात. कंपनीचे नाव मी इथे लिहीत नाही. मला त्याचा उच्चार जमत नाही, आणि चुकीचे नाव लिहिले म्हणून अर्ज परत येऊ नये. ते जोडपत्र १ वर छापील आहे.

२. खाते उघडताना हर्षालीने नाव विचारले. चंद्रभागा म्हणाली, “आधी सौ. लाव. नुसतं नाव टाकलं तर लोकांना वाटंल नवऱ्यानं सोडली.” त्याप्रमाणे ‘सौ. चंद्रभागा खैरनार’ असे इंग्रजी अक्षरांत भरले. कंपनीचे यंत्र पहिला शब्द घेते व त्यालाच नाव समजते. त्या दिवसापासून ते तिला ‘हाय सौ’ असे लिहू लागले. शेजारच्या मोतीरामने चेष्टा केली, “वहिनी, हिंदीवाल्यांनी वाचलं तर शंभर म्हणतील तुम्हाला.” ती म्हणाली, “म्हणू द्या. घरात तर कुणी सौ. म्हणून हाक मारत नाही. तो परका असून मान ठेवतो.” हा टोला मला होता, हे सांगणे नलगे.

३. ती गेल्यावरही तिच्या खात्यावर लांबच्या ओळखीच्या बायका ‘गुडघा कसा आहे’ असे विचारीत राहिल्या. प्रत्येकीला वेगळे कळवणे मला जमेना. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाआधी कै. लावले की पुढे कोणी काही विचारत नाही. ती अहेवपणी गेली, म्हणून रिवाजाप्रमाणे ‘कै. सौ. चंद्रभागा खैरनार’ असा बदल मी यंदा उन्हाळ्यात हर्षालीकडून करून घेतला. लग्नपत्रिकेत, देणगीच्या पाटीवर, शाळेतल्या बक्षिसावर आपण असेच लिहितो. यात काही गैर केले असे मला आजही वाटत नाही.

४. दुसऱ्याच दिवशी कंपनीने तिच्या सगळ्या ओळखीच्यांना कळवले की, सौ यांनी आपले नाव बदलून कै असे ठेवले आहे, तरी त्यांचे अभिनंदन करावे. पुण्याच्या भाच्याने न वाचता अभिनंदन केले. नंतर तो फोनवर पुष्कळ रडला, तेव्हा त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

५. तेव्हापासून कंपनी कै यांच्या वतीने लोकांना बोलावणी पाठवते. ‘कै तुमची वाट पाहत आहेत.’ ‘कै यांना तुमच्याशी बोलायचे आहे.’ ‘कै यांच्याकडे या, तिथे तुमच्या ओळखीची आणखी माणसे आहेत.’ कॉलनीतील वयस्कर मंडळींना अशी पत्रे येणे बरे नव्हे, हे आपणही मान्य कराल. मोतीरामला दोनदा बोलावणे आले. त्याने तेव्हापासून सकाळचे फिरणे वाढवले आहे.

मोहिनीलाही बोलावणे येते. ती मस्कतहून फोन करते आणि विचारते, “बाबा, आज भाजी कोणती केली?”

६. वर्षश्राद्धाला माझी मेहुणी नवसाबाई दिंडोरीहून आली होती. ती लिहावाचायला शिकलेली नाही. बहिणीचे फोटो दाखवावे म्हणून मी तिला हर्षालीच्या दुकानात नेले. खाते उघडताच वर कंपनीचा नेहमीचा नमस्कार होता. हर्षालीने तो इंग्रजीच्या उच्चाराप्रमाणे मोठ्याने वाचला, “हाय काय.”

साहेब, दिंडोरीकडे ‘हाय काय’ म्हणजे ‘आहे का’. नवसाबाईला वाटले, यंत्र तिच्या बहिणीची चौकशी करते आहे. ती खुर्चीत पुढे सरकली व त्या काचेला म्हणाली, “नाय बाबा. ती आता नाय. मी तिची धाकटी बहीण.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “दाजी, चांगलं माणूस दिसतंय. एवढं इचारतंय तरी.”

हर्षाली उठून प्रिंटरचे कागद नीट करू लागली. त्या कंपनीला आजवर मिळालेले सर्वांत सरळ उत्तर नवसाबाईने दिले आहे, परंतु ते नोंदवून घेण्याची सोय तिथे नव्हती.

७. यानंतर मी कंपनीला कळवले की खातेदार मयत आहे, बोलावणी थांबवावीत, पण पत्रे व फोटो ठेवावेत. मृत्यूचा दाखला हर्षालीकडून इंग्रजीत करून, नोटरीचा शिक्का मारून पाठवला. दिवाळीत उत्तर आले. त्याचा आशय असा : चंद्रभागा यांच्या निधनाचे वाचून वाईट वाटले. मात्र दाखला चंद्रभागा यांचा आहे व खाते कै यांचे आहे. पहिले नाव जुळत नाही. कै यांचे खाते सुरक्षित आहे, काळजी नसावी. खाली सही ‘आपले मित्र, साहाय्य विभाग’. मित्राचे नाव नाही.

८. मी पुन्हा लिहिले की कै हे नाव नाही. तेव्हा उत्तर आले की, खातेदाराचे नाव खरे नसल्याची तक्रार आमच्याकडे आली आहे (ती तक्रार म्हणजे माझेच पत्र), सबब कै यांनी स्वतः फोटो असलेले ओळखपत्र १५ डिसेंबरपर्यंत पाठवावे, अन्यथा खात्यातील सर्व मजकूर कायमचा पुसला जाईल. जुने नाव परत लावू म्हटले, तर एकदा बदललेले नाव वर्षभर बदलता येत नाही. तोवर खात्याला कुलूप आहे. कुलूप लागल्यापासून चंद्रभागेची पत्रे मोहिनीलाही दिसत नाहीत. बोलावणी मात्र चालू आहेत. म्हणजे कुलूप फक्त आम्हाला आहे.

९. त्या पत्रांत सरकारच्या किंवा कंपनीच्या कामाचे काही नाही. चंद्रभागा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत असे, तेही दिंडोरीच्या मराठीत. ‘मोहिनी, मठाची उसळ करशील तर मठ सकाळी भिजत घाल, आठवण झाल्यावर नको.’ ‘तुझ्या बापाला चष्मा सापडत नव्हता, कपाळावर व्हता, मी सांगितलं नाय, बघत बसले.’ असे. ती हयात असताना मी ही पत्रे कधी वाचली नाहीत, मायलेकींचे होते. ती गेल्यावर मोहिनीनेच वाचायला सांगितले. मला ती अक्षरे लावायला वेळ लागतो, आणि संपू नयेत असेही वाटे, म्हणून दुपारच्या चहानंतर दुकानात जाऊन एकच पत्र वाचून परत येत असे. कुलूप लागले तेव्हा बरीच राहिली होती. त्यांत काय आहे ते मला माहीत नाही. माझ्यावर आणखी काही टोले असतील. ते मला हवे आहेत.

१०. आता विषय (ब). याबाबत आमच्या पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर रोज चर्चा होते, तिचा सारांश आपल्या माहितीसाठी देतो.

मोतीराम कारखान्यात युनियनचा पुढारी होता. त्याचे मत, सरकारने कंपनी ताब्यात घ्यावी, नाहीतर आपण गेट बंद करावे. हर्षालीने सांगितले, “काका, तिला गेटच नाही.” तो तेव्हापासून अस्वस्थ आहे. ज्या कंपनीला गेट नाही तिच्याशी लढायचे कसे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही.

यशोदाबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांचे मत उलटे आहे. त्या म्हणाल्या, “भिकनभाऊ, सरकारला एकदा आत घेतलंत की ते चपला घालून परत बाहेर जात नाही. आज बोलावणी थांबवील, उद्या तुमच्या चंद्रभागेची पत्रं तुमच्याआधी साहेब लोक वाचतील.” साहेब, आपला अवमान करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. त्या सर्वांनाच असे बोलतात. मला त्यांचे म्हणणे पटले. पण मोतीरामचेही पटते. कंपनी कोणालाच जबाब देत नाही, हे खरेच आहे.

हर्षाली म्हणते, जास्त नियम लावले तर कंपनी आपल्याकडचे दुकान बंद करून जाईल, मग मोहिनीशी बोलाल कशाने. यावर मोतीरामने पोस्टकार्ड असे म्हटले, पण आवाज बारीक होता.

११. माझे स्वतःचे मत साधे आहे. मी एसटीत वाहक होतो. प्रत्येक गाडीत तक्रार पुस्तक असते व प्रवाशाने मागितले की ते द्यावेच लागते, मग तक्रार आपल्याविरुद्ध का असेना. दिंडोरी फाट्यावर गाडी थांबवली नाही म्हणून एका म्हाताऱ्याने माझ्याविरुद्ध लिहिले होते. पुस्तक मीच त्याच्या हातात दिले, पेनही माझेच. मला साहेबांपुढे उभे राहावे लागले. त्यानंतर ती गाडी त्या फाट्यावर नेहमी थांबली. महामंडळ त्यामुळे बुडाले नाही.

तसेच चंद्रभागेचे नाव शिधापत्रिकेतून कमी करायला गेलो, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी दाखला पाहिला, मग माझ्याकडे पाहिले आणि टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला. काम झाले. रेशनच्या खिडकीची मला कधी प्रेमाने आठवण येईल असे वाटले नव्हते, पण या कंपनीने तेही घडवले.

तेव्हा वरती केंद्र सरकारला आपण एवढेच कळवावे. अशा प्रत्येक कंपनीने जिल्ह्याच्या गावी एक टेबल, एक खुर्ची व एक माणूस ठेवावा. माणसाला नाव असावे. त्याच्याकडे तक्रार पुस्तक असावे. माणूस मेला आहे असे वारसाने दाखल्यासह सांगितले, तर त्याने ते ऐकून घ्यावे, बोलावणी थांबवावीत व पत्रे वारसाला द्यावीत. पत्रे कोणीही वाचू नयेत, कंपनीनेही नाही व सरकारनेही नाही, ही यशोदाबाईंची अट मी लिहून देतो. पंख्याची सक्ती नको, उन्हाळ्यात असल्यास बरे.

१२. नियम व्हायला वेळ लागेल हे मला कळते. १५ डिसेंबर त्याआधी येतो. एका एजंटाने मला सुचवले, “काका, कैबाईचं ओळखपत्र बनवून देतो, तुम्ही फक्त वहिनींचा फोटो द्या.” त्याचे नाव मी सांगणार नाही व आपणही विचारू नये. मी नको म्हणालो. लगेच म्हणालो असे नाही. फोटो शोधून खिशात ठेवला होता. एका कार्डापुरती का होईना, ती सरकारदरबारी पुन्हा हयात होईल असे मनात आले. मग वाटले, ते कार्ड कै नावाच्या कोणा बाईचे असेल. तिला मी ओळखत नाही.

१३. म्हणून खऱ्या कागदासाठी आपल्याकडे आलो आहे. आपल्या सही-शिक्क्याचा इंग्रजी दाखला मिळाल्यास कंपनी तो पाहील, असे हर्षालीचे मत आहे. आपल्या कार्यालयाचा वेळ जाऊ नये म्हणून मसुदा मीच तयार केला. तो असा :

‘दाखला देण्यात येतो की, कै. हे कोणाचेही नाव नसून, मराठी रिवाजाप्रमाणे मृत व्यक्तीच्या नावाआधी लावण्याची ती खूण आहे. कै नावाची कोणीही बाई जेल रोड येथे राहत नाही व पूर्वीही राहत नव्हती. तेथे राहत होती ती चंद्रभागा भिकन खैरनार.’

यापुढे ती हयात नाही, असे एक वाक्य यायला हवे. त्याशिवाय दाखला पुरा होत नाही, हे मला समजते. ते वाक्य मी आजवर महापालिकेत, रेशनच्या खिडकीवर, बँकेत व पेन्शनच्या कागदावर लिहून दिले आहे. या मसुद्यात ते लिहायला तीन वेळा बसलो व उठलो. तेवढी एक ओळ कोरी सोडली आहे. ती आपल्या कार्यालयाने भरावी, ही विनंती.

आपल्या सहीची वाट पाहणारा,
आपला नम्र,

भि. द. खैरनार
(भिकन दगा खैरनार)

सोबत :
१. कंपनीच्या दोन्ही उत्तरांच्या छापील प्रती (नावासह)
२. मृत्यूच्या दाखल्याची प्रत, मराठी व इंग्रजी
३. मोतीराम यांना आलेले बोलावणे (मूळ प्रत, त्यांना परत नको आहे)
४. दाखल्याचा मसुदा, एक ओळ कोरी